वीज गेल्यावर काय जागं ठेवायचं?

कोकणात पाऊस मोजणाऱ्या यंत्राची पहिली अडचण पाऊसच असतो. सर कोसळू लागते, वाऱ्याने एखादी फांदी तारांवर येते आणि लाइट जाते. नेमकी तीच नोंद आपल्याला हवी असते. उघडिपीच्या दिवसाचे काही तास हुकले तर फारसं बिघडत नाही, पण झोडपून काढणाऱ्या रात्रीचे चार तास राहिले तर वर्षाची बेरीजच खोटी ठरते. म्हणून घरगुती पर्जन्यमापक करताना मी आराखडा बॅटरीपासून काढायला घेतो. पाऊस कसा मोजायचा हे त्यानंतर.

मोजणं तसं सोपं आहे. नरसाळ्यातलं पाणी दोन खणांच्या छोट्या पाळण्यात पडतं. ०.२ मिलिमीटर पावसाइतकं पाणी साठलं की पाळणा कलंडतो, त्यावरचं चुंबक रीड स्विचजवळून जातं आणि मायक्रोकंट्रोलरला एक ठोका मिळतो. ठोके मोजले की पाऊस मोजला.

अशा यंत्राला पॉवर बँक जोडून मोकळं व्हावं, असं बहुतेकांना वाटतं. पण बऱ्याच पॉवर बँका फार कमी प्रवाह वाहताना दिसला की मोबाइल काढून घेतला असं समजून बंद होतात. काटकसरीने वीज वापरणारं यंत्र त्यांना दिसतच नाही. शिवाय सगळं यंत्र चालू ठेवायची गरज तरी कुठे असते? गच्चीवरच्या टाकीची पातळी दाखवणाऱ्या यंत्राला मी बॅटरी लावत नाही. पाणी टाकीतच असतं, वीज आली की पुन्हा मोजता येतं. पाऊस पुन्हा पडून दाखवत नाही. बॅकअपच्या रचनेचं सगळं मर्म मला या फरकात दिसतं. जे परत मिळणार नाही तेवढंच जगवायचं.

पर्जन्यमापकात अशा गोष्टी तीनच आहेत: ठोका ऐकणारा कान, आजवरचा आकडा आणि वेळ. स्क्रीन त्यात येत नाही. मुख्य वीज गेली की स्क्रीन बंद करायची, मायक्रोकंट्रोलरला गाढ झोपवायचं आणि ठोका पडला की क्षणभर उठवायचं. या शिस्तीचा हिशेब पाहण्यासारखा आहे. सगळं जागं असताना यंत्र २० मिलिअँपिअर घेत असेल, तर २००० मिलिअँपिअर-तासांचा लिथियम सेल १०० तास, म्हणजे चार दिवस पुरतो. झोपेत तेच यंत्र ०.२ मिलिअँपिअरवर आलं तर कागदावर तरी वर्षाच्या वर जातं. बोर्डवरचा इवलासा लाल दिवा मात्र एकटाच २ मिलिअँपिअर खात असेल, तर ही मुदत सव्वा महिन्यावर येते. मी तो दिवा सोल्डरिंग गनने काढून टाकतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. आपल्याकडे बॅकअपचं माप तासांत धरून चालत नाही.

आता अदलाबदल. रिलेने एका पुरवठ्यावरून दुसऱ्यावर जाता येतं, पण संपर्क हलायला काही मिलिसेकंद लागतात आणि मधल्या फटीत यंत्र रीसेट होऊ शकतं. मला दोन शॉट्की डायोडची जोडणी अधिक पटते. ॲडाप्टरचे ५ व्होल्ट एका डायोडमधून, सेलचे जास्तीत जास्त ४.२ व्होल्ट दुसऱ्यातून, आणि पुढे दोन्ही एकाच तारेवर. ज्याचा दाब जास्त, तोच पुरवतो. ॲडाप्टर असेपर्यंत सेल विश्रांती घेतो, आणि तो गेला की कोणी आज्ञा न देता सेल कामाला लागतो. साध्या सिलिकॉन डायोडमध्ये ०.७ व्होल्टच्या आसपास वाया जातात, शॉट्कीत त्याच्या निम्म्याहून कमी. सेल उतरत आल्यावर एवढा फरकही मोलाचा असतो. पुढे ३.३ व्होल्टचा, स्वतः जेमतेम काही मायक्रोअँपिअर घेणारा रेग्युलेटर लावायचा. ७८०५ हा रेग्युलेटर इथे नको. त्याला आत दोनेक व्होल्ट जास्तीचे लागतात आणि रिकामं बसायलाही तो काही मिलिअँपिअर घेतो.

आकडा जपायचा तर तो ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या स्मृतीत, लिहावा लागतो. ॲटमेगा ३२८पी या चिपमध्ये तिथल्या प्रत्येक जागेवर १,००,००० वेळा लिहिण्याची हमी आहे. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस धरला तर १५,००० ठोके होतात. प्रत्येक ठोका त्याच जागी लिहिला तर सातव्या पावसाळ्यात ती हमी संपते. तासाला एकदा आणि सेल उतरत आल्यावर शेवटचं, असं लिहिलं तर चार महिन्यांत जेमतेम तीन हजार वेळा होतं. आणखी एक पथ्य म्हणजे ब्राउन-आउटची मर्यादा २.७ व्होल्टवर चालू ठेवणं. दाब त्याखाली गेला की चिप थांबते. नाहीतर अर्धवट दाबात ती भलतंच लिहून जपलेला आकडा बिघडवू शकते.

वेळ सांभाळायला डीएस ३२३१ ही चिप आणि तिचा स्वतंत्र बटणसेल पुरतो. या चिपच्या बऱ्याच स्वस्त मॉड्यूलवर सेल चार्ज करणारी जोडणी असते. मॉड्यूल ५ व्होल्टवर चालवून त्यात चार्ज न होणारा सीआर २०३२ घातला, तर तो फुगू किंवा गळू शकतो. अशा वेळी ती जोडणी आधी तोडा. लिथियम सेलही संरक्षक सर्किटशिवाय वापरू नका आणि उन्हात तापणाऱ्या डब्यात ठेवू नका. नरसाळं गच्चीवर, सेल घरात, मध्ये लांब तार, हीच मांडणी योग्य.

बॅटरी विकत घ्यायच्या आधी एका कागदावर लिहा: वीज गेल्यावर कोणती गोष्ट पुन्हा मिळणार नाही? उत्तराच्या मापाने सर्किट काढा. मग मृगाच्या आधी, कोरड्या दिवशी, ॲडाप्टर उपटा, पुन्हा लावा, सेल उतरू द्या आणि दर वेळी आकडा ताडून पाहा. या चाचणीत टिकलेल्या यंत्राच्या नोंदीवरच विश्वास ठेवा.