पैठणीची मागची बाजू

साडीच्या दुकानाची वेबसाईट करायची म्हटलं की २००० सालच्या आसपास मालकांच्या मागण्या ठरलेल्या असायच्या. वर गणपती, त्याखाली दुकान सुरू करणाऱ्या आजोबांचा फोटो, स्थापनेचं वर्ष, आणि पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत राहणारी ‘आपले सहर्ष स्वागत आहे’ ही ओळ. तळाशी आजवर किती जण येऊन गेले त्याचा आकडा. खरेदीची सोय क्वचितच असायची. साडी आवडली तर ई-मेल करायचा, दुकानदार किंमत कळवणार, मग डिमांड ड्राफ्ट, आणि तो वटला की कुरियर. आजच्या कुठल्याच मोजमापात त्या वेबसाईट बसणार नाहीत. तरी त्यांच्यावर माझा जीव आहे, कारण एकेक पान हाताने, विचार करून रचलेलं असायचं.

मोडेम ५६ केबीपीएसचा. फोनची लाइन चांगली असली तर सेकंदाला पाच-सहा किलोबाइट उतरायचे. म्हणजे शंभर किलोबाइटचा एक फोटो पूर्ण दिसायला वीसेक सेकंद लागणार, आणि तेवढ्यात घरातून ‘फोन मोकळा कर’ अशी हाक येणार. त्यामुळे फोटो पंचवीस-तीस किलोबाइटवर आणायचा आणि जरीची चमक मात्र जाऊ द्यायची नाही, हे खरं कसब. बरेच पडदे तेव्हा २५६ रंगच दाखवायचे, आणि सगळीकडे सारखे दिसतील अशी खात्री त्यातल्या फक्त २१६ रंगांची. मराठी मजकुराचं तर त्याहून अवघड. आपला फॉन्ट समोरच्या संगणकात नसला की नुसती अगम्य चिन्हं. म्हणून ‘पैठणी’ हे शीर्षकसुद्धा चित्र करून लावायचो. दिसायचं सुरेख, पण शोधयंत्राला त्यातलं एक अक्षर वाचता यायचं नाही. युनिकोड रुळला आणि ही कसरत संपली. आठवण येते तिची, पण ती पुन्हा नको.

त्याच सुमाराला लंडनच्या बू डॉट कॉमने फॅशनचं भव्य ऑनलाइन दुकान थाटलं होतं. नोव्हेंबर १९९९मध्ये ते उघडलं. कपडे फिरवून बघायची सोय, मदतीला ‘मिस बू’ नावाची चित्रातली मुलगी, सगळा थाट. घरच्या मोडेमवर ते पान उघडता उघडेना. खर्चही बेसुमार झाला होता, आणि मे २०००मध्ये दुकान बंद पडलं. आमच्याकडे तेव्हा फ्लॅशच्या नाचऱ्या चित्रांची हौस भरात होती. ती बरीच वर्षं टिकली.

पण मला जास्त आठवतो तो वेबसाईटच्याही आधीचा पुण्याचा लक्ष्मी रोड. चपला बाहेर काढून पांढऱ्या चादरीच्या गादीसमोर बसायचं. विक्रेता आधी साडी काढायचाच नाही. ‘ताई, कुणासाठी? कार्याला नेसायची की देण्याघेण्याची? साधारण कितीपर्यंत दाखवू?’ तीन प्रश्नांत तो शेकडो साड्यांमधून दहा-बारांवर यायचा. मग घडी उलगडून पदर स्वतःच्या खांद्यावर टाकायचा. धूपछाव असेल, म्हणजे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्याचा, तर साडी हातात घेऊन सरळ दुकानाच्या दाराशी न्यायचा आणि म्हणायचा, ‘उजेडात बघा, ट्यूबलाइटवर जाऊ नका.’ आणि पैठणी असेल तर पदर उलटा करायचा. हातमागावर पारंपरिक पद्धतीने विणलेल्या पैठणीच्या पदरावरचा मोर मागूनही जवळजवळ तसाच दिसतो. यंत्रमागावरच्या नकलेत मागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसतात. कुणी विचारायच्या आत तो हे दाखवायचा, म्हणून किंमत ऐकल्यावरही गिऱ्हाईक उठत नसे.

ऑनलाइन दुकान चांगलं केव्हा म्हणायचं, याचं माझं उत्तर या माणसाकडूनच आलं आहे. आज दुपारभरात तयार साच्यावर दुकान उभं राहतं. वेग आहे, फोटो हवे तेवढे मोठे, बोटाने मोठे करून बघता येतात. तरी पैठणीच्या कितीतरी पानांवर सहाही फोटो पुढच्याच बाजूचे असतात, मॉडेल सुंदर, मागे वाड्याचा दरवाजा. पंधरा-वीस हजारांची साडी घेणारीला वाड्याचा दरवाजा काय करायचा? तिला पदराची मागची बाजू हवी, जवळून. काठ आणि अंग जिथे जुळतं तो भाग हवा. धूपछाव असेल तर उन्हात हलवलेल्या साडीचा दहा सेकंदांचा व्हिडिओ हवा. आणि शब्दांत स्पष्ट लिहिलेलं हवं: हातमाग की यंत्रमाग, रेशीम की मिश्र धागा, साडीची लांबी किती, ब्लाउजपीस त्यात धरला आहे की वेगळा.

त्याचे ते तीन प्रश्न म्हणजे आजचे फिल्टर. पण साच्यात येतात ते फिल्टर भलतेच: निळा, हिरवा, लाल. आपल्या बायका चिंतामणी मागतात, मोरपंखी मागतात, डाळिंबी, आमसुली, वांगी रंग मागतात. ही नावं फिल्टरमध्ये घालायला आणि देवनागरीत किंवा रोमन अक्षरांत कसंही टाइप केलं तरी सापडतील अशी सोय करायला फार खर्च येत नाही. ‘कार्य’ आणि ‘देणंघेणं’ हे दोन विभाग घातले तर लग्नसराईत एकाच वेळी पंचवीस साड्या घेणाऱ्या घराचं निम्मं काम हलकं होतं.

पैसे देण्याचं मात्र आता फार सुखाचं झालं आहे. डिमांड ड्राफ्टनंतर कार्ड आलं, मग घरपोच आल्यावर रोख, आणि २०१६पासून यूपीआय. त्याचा मनापासून आनंद आहे. राग येतो तो शेवटच्या पानावर अचानक उगवणाऱ्या डिलिव्हरी आणि पॅकिंगच्या खर्चाचा, आणि न विचारता टोपलीत सरकवलेल्या वस्तूंचा. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३मध्ये अशा फसव्या रचनांचे तेरा प्रकार यादीत घालून त्यांना मनाई केली. लक्ष्मी रोडवर बिल करताना कुणी पिशवीत न मागितलेला परकर घातला असता तर त्या दुकानाची पायरी पुन्हा कुणी चढलं नसतं. साडीच्या किमतीशेजारीच पोचवण्याचा खर्च आणि तारीख लिहावी. परतीचा नियमही तिथेच, फॉल-पिको केल्यावर साडी परत घेणार की नाही यासकट.

एका गोष्टीवरून मी मालकांशी अजूनही वाद घालतो. फोनचा क्रमांक तळाशी बारीक अक्षरांत नको, साडीच्या फोटोखाली हवा, व्हिडिओ कॉलच्या सोयीसकट. आणि तो उचलणारा माणूस गादीवर बसणाराच हवा, कारण मुलीच्या सावळ्या रंगावर जांभळी पैठणी खुलेल की शेवाळी, आणि मावशींना दिलेली साडी सासूबाईंच्या साडीपेक्षा भारी तर दिसणार नाही ना, हे त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.