सोंड की फूल?

परमुलखातल्या एखाद्या वस्तूवर नाग, हत्ती किंवा मकर दिसला की आपल्याला माहेरचे माणूस भेटल्यासारखे होते. त्यात गैर काहीच नाही. पण माहेरचे माणूस भेटले म्हणून कुणी सासरच्या घरावर मालकी सांगत नाही!

आमचे एक स्नेही मागे जावा बेटावरून शोभेचा क्रिस घेऊन आले. क्रिस म्हणजे तिकडचा खंजीर. त्याच्या पात्याला वळणे असली तर ती विषम संख्येतच असतात. बैठकीत तो हातोहात फिरला. "हे वळण म्हणजे आपला नाग, आणि ही बुडाशी सोंड म्हणजे आपला गणपती. सगळे आपलेच हो!" अण्णांनी निकाल देऊन टाकला. त्यांची नात पटकन म्हणाली, "मग आजोबा, त्यांचं काय त्यात?"

प्रश्न लाखमोलाचा होता. अण्णांच्या बाजूने पुरावा थोडाथोडका नाही. मध्य जावात सुकुह नावाचे पंधराव्या शतकातले मंदिर आहे. तिथल्या एका शिल्पात भीम हत्यारे घडवतो आहे, अर्जुन भाता चालवतो आहे आणि दोघांच्या मध्ये गजमुख गणपती नाचतो आहे! जावानी भाषेत क्रिसला 'चुरिगा' असेही म्हणतात. संस्कृत 'छुरिका' ती हीच. आपल्या स्वयंपाकघरातली सुरी तिची बहीण.

पण त्या सोंडेचे काय? मलय लोक तिला हत्तीची सोंडच म्हणतात. जावातले जाणकार मात्र तिला 'केंबांग काचांग' म्हणतात, म्हणजे शेंगेच्या वेलाचे फूल. वळण एकच, नावे दोन! नुसत्या आकारावरून कूळ सांगू गेले की असा घोटाळा होतो.

काही क्रिसांच्या बुडाशी सोन्याचे हत्ती आणि सिंह असतात. हे तरी आपलेच ना? जावातली परंपरा सांगते, की मातारामच्या सुलतान आगुंगने पाती इथले बंड मोडल्यावर शूरांना हा मान दिला. 'हत्ती, सिंह, क्रिस, एक' असे त्याचे वर्षसूत्र सांगतात. हत्ती म्हणजे ८, सिंह ५, क्रिस ५ आणि शेवटी १. आकडे उलटे वाचले की १५५८. हत्तीचे आठ का, हे अष्टदिग्गज ठाऊक असलेल्या मराठी माणसाला सांगायला नको. या सुलतानाने १६३३ साली इस्लामी चांद्रमास स्वीकारले, पण वर्षांचा आकडा शकाचाच पुढे चालू ठेवला. म्हणून ते १५५८ म्हणजे इसवी सन १६३६.

आता सांगा, हा हत्ती कुणाचा? मोजण्याची रीत भारतातली, राजा मुसलमान, लढाई जावाची, आणि सोने बसवणारे हात तिथल्याच कारागिराचे. आपण बीज दिले हे खरे. झाड त्यांनी वाढवले, आणि फळाला चव त्यांच्या मातीची आली.

तेव्हा संग्रहालयात असे पाते दिसले, तर मुलांना "हे आपलेच" एवढे सांगून पुढे सरकू नये. तिकडची माणसे याला काय म्हणतात, हेही विचारावे. नाते सांगायचे तर दोन्ही घरांची नावे माहीत हवीत.