एकशे वीस तासांचे वजन

सोयाबीनचा हंगाम ऐन भरात होता. परभणीच्या मोंढ्यात पहाटेपासून गाड्यांची रांग लागे आणि रात्री घरी रोजमेळ जुळवीत बसलो की जेवणाचीही शुद्ध राहत नसे. अशाच एका रात्री माझी धाकटी कन्या वहीशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "पप्पा, मला परदेशात जाऊन इंग्रजी शिकवायचे आहे. त्यासाठी एक प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम करावा लागतो. कोणता करावा हे ठरवायला तुम्ही मला मदत करा."

आमच्या घराण्याला परक्या भाषेचे वावडे कधीच नव्हते. परभणी निजामाच्या राज्यात होती तेव्हा आजोबा उर्दू शिकले, कारण कचेरीचे कागद उर्दूत असत. १७ सप्टेंबर १९४८ नंतर दिवस पालटले आणि वडिलांनी सारा व्यवहार मराठीत सांभाळला. मी स्वतः इंदूर-हैदराबादच्या व्यापाऱ्यांशी हिंदीत सौदे करीत आलो. भाषा ही आम्ही नेहमी व्यापाराची सोय म्हणून शिकलो. परंतु भाषा शिकविणे हाच व्यवसाय करावा, तोही परमुलखात जाऊन, ही कल्पना घरात नवी होती. तिच्या आईला पहिली चिंता आहाराची वाटली आणि आजीला लग्नाची. मला मात्र वाटले, पोरगी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची इंग्रजीची एम.ए. आहे, येथल्या एका शाळेत वर्षभर शिकवून झाले आहे, आता केवळ एक कागद हवा असेल तर तो घेऊन टाकावा.

कागद घेण्याची घाई मीच केली, हे आज मोकळेपणाने सांगतो. मोबाइलवर जाहिरातींचा पूर आला होता. एका संस्थेची जाहिरात मला विशेष आवडली. एकशे वीस तासांचा अभ्यासक्रम, जगभर मान्यता, फीमध्ये घसघशीत सूट, आणि ती सूट मध्यरात्रीपर्यंतच. फोनवर बोलणारा गृहस्थ अत्यंत अदबीने दर दोन वाक्यांनंतर "समजले ना, सर?" असे विचारी आणि मी दर वेळी "हो" म्हणे. मुलगी म्हणत होती, "पप्पा, दोन दिवस थांबू या." मोंढ्यात भाव पडण्याची वाट पाहणारा मी, त्या रात्री मात्र सूट हुकेल या भयाने पैसे भरून मोकळा झालो.

चौथ्या दिवशी प्रमाणपत्र आले. वाचायला काही पाने, प्रत्येक भागाखाली पर्यायी उत्तरांचे दहा-बारा प्रश्न. उत्तर चुकले तर पुन्हा द्यायचे. शेवटी सोनेरी किनारीचा कागद, त्यावर तिचे नाव आणि खाली 'एकशे वीस तास'. मी पेढे आणायला निघालो, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, यात एकदाही कोणी मला शिकविताना पाहिलेले नाही. मग मला शिकविता येते, हे त्यांनी कशावरून लिहिले?"

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. पण तो प्रश्न माझ्या ओळखीचा होता. मोंढ्यात दोन पोती येतात. दोन्हींचे वजन सारखेच भरते. पण एकात ओलावा, ज्याला आम्ही बोलीत 'हवा' म्हणतो, बारा टक्के असतो आणि दुसऱ्यात अठरा. काट्यावर आकडा एकच, माल मात्र एक नव्हे. शासकीय खरेदीतही सोयाबीनला बारा टक्क्यांची मर्यादा असते ती याचसाठी. 'एकशे वीस तास' हाही असाच काट्यावरचा आकडा होता. त्यात हवा किती, हे मी पाहिलेच नव्हते.

त्यानंतर बाप-लेक दोघांनी मिळून चौकशी केली. या क्षेत्रात दोन नावे सर्वांत जुनी आणि भक्कम समजली जातात. पहिले केंब्रिजचे 'सेल्टा'. जॉन हेक्राफ्ट आणि त्यांच्या पत्नी ब्रिटा यांनी १९५३ साली स्पेनमधील कॉर्दोबा येथे भाषाशाळा काढली होती. शिक्षक मिळत, पण शिकविणे ठाऊक असलेले मिळत नसत. म्हणून १९६२ साली लंडनमध्ये त्यांनी शिक्षकांसाठी एक छोटा वर्ग सुरू केला. पुढे त्यातूनच हा अभ्यासक्रम आकाराला आला आणि केंब्रिजकडे गेला. दुसरे नाव लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचे 'सर्ट-टेसॉल'. इंग्लंडच्या पात्रताविषयक सरकारी चौकटीत दोन्हींचा दर्जा पाचव्या पातळीचा आहे.

सेल्टामध्येही किमान एकशे वीस तासच असतात. आकडा तोच! पण येथे ते तास मार्गदर्शकांच्या सहवासातले असतात. त्यांपैकी सहा तास उमेदवाराने खऱ्या विद्यार्थ्यांना, दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर, शिकवायचे असते आणि मार्गदर्शक मागे बसून प्रत्येक मिनिटाची नोंद घेतात. आणखी सहा तास अनुभवी शिक्षकांचे अध्यापन पाहायचे, चार लेखी निबंध लिहायचे. शेवटी केंब्रिजने नेमलेला बाहेरचा परीक्षक येऊन वर्ग आणि दप्तर दोन्ही तपासतो. ट्रिनिटीच्या किमान एकशे तीस तासांतही सहा तासांचे प्रत्यक्ष अध्यापन आहेच; शिवाय उमेदवाराला एक पूर्णतः अनोळखी भाषा काही तास शिकावी लागते. नवशिक्या विद्यार्थ्याची जीभ कशी अडखळते, हे शिक्षकाने स्वतः अनुभवावे, असा त्यामागील हेतू. हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले.

आमच्या दुकानातला काटा दरवर्षी वैधमापनशास्त्र विभागाकडून तपासून त्यावर मुद्रा उमटवून घ्यावी लागते. काटा विकणाऱ्यानेच तो बरोबर असल्याची ग्वाही दिली तर कोणताही व्यापारी ती मानणार नाही. आम्ही भरलेल्या पैशांच्या त्या अभ्यासक्रमाला 'मान्यता' देणारी संस्था शोधली, तेव्हा तिचे आणि अभ्यासक्रम विकणाऱ्यांचे अंगण एकच निघाले.

तरीही माझा एक आडमुठा प्रश्न उरला होता. "जिला उत्तम इंग्रजी येते, तिला ते शिकवायला वेगळे शिक्षण कशाला?" मुलगी हसली. सेल्टाच्या प्रवेशासाठी आधी भाषेविषयी एक लेखी काम पूर्ण करावे लागते आणि मग मुलाखत होते. त्याच तयारीत ती होती. तिने मला विचारले, "पप्पा, 'मी जेवलो' आणि 'मी जेवलो आहे' यांत फरक काय?"

"एकच तर आहे," मी म्हणालो. मग थांबलो. एकच नाही. कोणी ताट वाढायला आले तर मी "जेवलो आहे" म्हणेन. "काल काकांकडे जेवलो" असे सांगेन, पण "काल काकांकडे जेवलो आहे" हे कानाला खटकते. का खटकते, ते मला सांगता येईना. साठ वर्षे ही भाषा बोलतो आहे, स्वप्नेही तिच्यातच पडतात, आणि एवढा नियम एखाद्या परक्याला समजावून सांगता येत नाही! ती म्हणाली, "पहिल्यात घडून गेलेली गोष्ट सांगतो. दुसऱ्यात त्या गोष्टीचा आताशी संबंध सांगतो, म्हणजे 'आता मला वाढू नका.' इंग्रजीतही असाच भेद आहे, पण त्याच्या सीमा थोड्या वेगळ्या आहेत. भाषा येणे आणि भाषा दाखविता येणे, ही दोन कामे आहेत."

त्या दिवशी माझा विरोध मावळला. आणखी एका गोष्टीचे भान त्यातून आले. परदेशातील अनेक जाहिरातींत 'इंग्रजी मातृभाषा असलेलेच उमेदवार हवेत' असे स्पष्ट छापलेले असते. दक्षिण कोरियाने इंग्रजी शिक्षकाचा नेहमीचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांपुरता ठेवला आहे. १ जानेवारी २०१० पासून अमलात आलेल्या भारत-कोरिया करारामुळे भारतीयांना सहायक शिक्षक म्हणून एक वाट मिळाली. पण तिलाही पदवीबरोबर शिक्षक-पात्रता लागते. व्हिएतनाममध्ये कामाच्या परवान्यासाठी पदवी व अध्यापनाचे प्रमाणपत्र मागतात. आखाती देशांतील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा बी.एड. विचारतात, आणि ते आता दोन वर्षांचे आहे. म्हणजे प्रमाणपत्र निवडण्याआधी देश निवडावा लागतो. आम्ही हे उलट क्रमाने केले होते.

आमच्या जवळचा एक पर्यायही आम्ही पाहिला. हैदराबादचे इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ १९५८ साली इंग्रजीची केंद्रीय संस्था म्हणून सुरू झाले. इंग्रजी अध्यापनाचे पदव्युत्तर शिक्षण तेथे मिळते. ज्याला भारतातच महाविद्यालयात शिकवायचे आहे, त्याने त्याचा विचार आधी करावा, असे मी आवर्जून सांगेन. मुलीचा ओढा मात्र परदेशातील प्रौढांना शिकविण्याकडे होता. तेथे सेल्टाचे नाव ओळखले जाते, म्हणून तिने सेल्टा निवडला.

हा अभ्यासक्रम आता ऑनलाइनही करता येतो. मात्र अध्यापन तेथेही खऱ्या माणसांनाच करावे लागते. आमच्या माडीवरच्या खोलीत तिचा वर्ग भरू लागला. समोरच्या पडद्यावर कधी ब्राझीलची गृहिणी, कधी तुर्कस्तानचा अभियंता. वीज गेली तर खंड पडू नये म्हणून दुकानातला इन्व्हर्टर मी वर नेऊन ठेवला. पहिल्याच आठवड्यात तिचा एक तास 'अपेक्षित दर्जाचा नाही' असा शेरा घेऊन परत आला. ती रात्रभर रडली. दुसऱ्या दिवशी कारण सांगितले : "मी फार बोलते, पप्पा. पंचेचाळीस मिनिटांतली तीस मिनिटे मीच बोलत होते. विद्यार्थ्यांनी बोलायचे असते."

मला माझे वडील आठवले. ते म्हणत, दुकानात गिऱ्हाइकाला बोलू द्यावे. त्याला काय हवे ते त्याच्या तोंडूनच कळते. ती ही गोष्ट चार आठवडे घाम गाळून शिकत होती.

आणखी एक शिकवण तिने मला ऐकविली, ती माझ्या जिव्हारी लागली. वर्गात "समजले का?" असे विचारून भागत नाही, कारण त्याला सगळेच "हो" म्हणतात. समजले की नाही ते कळेल, असा वेगळा प्रश्न विचारावा लागतो. जिन्यात उभा राहून मी हे ऐकले आणि त्या मध्यरात्रीच्या फोनवरील माझे सगळे "हो" मला आठवले.

ती उत्तीर्ण झाली. त्यानंतर दोन ठिकाणांहून नकार आले, दोन्ही पारपत्रामुळे. तिसऱ्या ठिकाणी, व्हिएतनाममधील एका भाषाशाळेत, तिला वीस मिनिटे शिकवून दाखवायला सांगितले आणि मार्गदर्शकांचा अहवाल मागितला. तो अहवाल तिच्यापाशी होता. त्यात पहिल्या आठवड्यातील तो शेराही होता आणि शेवटच्या आठवड्यातील प्रगतीही. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी नेमका त्या शेऱ्याविषयी प्रश्न विचारला. आपण कुठे चुकलो आणि काय बदलले, हे तिने न लाजता सांगितले. पुढच्या महिन्यात ती जाते आहे. पदवीच्या साक्षांकनाचे काम संपत आले आहे. आई डब्यांची यादी करते आहे. आजी मात्र अजून गप्प आहे.

आपल्या घराघरांतील मुले-मुली आज अशा वाटांवर निघत आहेत, म्हणून हा अनुभव लिहिला. फी भरण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत. माझे मूल प्रत्यक्ष किती तास शिकवील? त्याला शिकविताना कोण पाहील? त्या पाहणाऱ्याला बाहेरून कोण तपासतो? आणि ज्या देशी जायचे, तेथे हा कागद चालतो काय? या चारांची उत्तरे लेखी मिळाली, तर सूट संपली तरी चालेल.

आमचे पहिले प्रमाणपत्र मी फाडले नाही. ते दुकानाच्या गल्ल्यात ठेवले आहे. फोनवर कोणी अदबीने "समजले ना, सर?" म्हणाले, की मी गल्ला उघडून ते एकदा पाहतो, आणि मग म्हणतो, "नाही, पुन्हा सांगा."