मनगटावरील नाडी

विषमज्वरातून उठल्यावर डॉक्टरांनी धावण्याचा परवाना दिला तो एकाच अटीवर, की हृदयाचे ठोके मिनिटाला १३० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. आणि ही अट पाळण्यासाठी मुलाने पाठविलेले घड्याळ मी मनगटावर बांधले. बिलोलीहून येसगीच्या पुलाकडे पहाटे धावताना किंचित चढ लागला, की आकडा सरसर वर जातो आणि पायांत पुष्कळ बळ शिल्लक असूनही चालावे लागते. प्रथम त्याचा विषाद वाटे. पुढे त्या सक्तीच्या मंदगतीत, इतकी वर्षे न बोलता राबलेल्या हृदयाविषयी एक विलक्षण ममता दाटून येऊ लागली.

१९८२ साली फिनलंडच्या पोलार कंपनीने ठोके मोजणारे बिनतारी यंत्र प्रथम विक्रीस आणले. माझ्या घड्याळाच्या पाठीचा हिरवा प्रकाश त्वचेखालील रक्ताच्या चढउतारावरून ठोके मोजतो. वैशाखात त्याच वेगाला आकडा वाढतो, कारण अंग निववण्यासाठी रक्त त्वचेकडेही धाडावे लागते. आयुर्वेदाचार्य शार्ङ्गधराने मात्र नाडीची चाल पाहिली: वाताची सर्पासारखी, कफाची हंसासारखी. ज्वर उतरल्यानंतरची माझी नाडी त्याला कशी भासली असती, हा विचार पुलापर्यंत सोबत करतो.

छातीला बांधायचा पट्टा हृदयाचे विद्युत्स्पंदन थेट टिपतो, म्हणून तो अधिक भरवशाचा, असे डॉक्टर सांगतात. तो मागवावा की नाही, याचा निश्चय अद्याप होत नाही.