न भरलेल्या पदाची बचत

4 मे 2020 चा राज्याच्या वित्त विभागाचा शासन निर्णय मला प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मिळाला. विकासाच्या योजनांना 33 टक्केच निधी, नव्या योजना बंद आणि आरोग्य, वैद्यकीय शिक्षण अशी मोजकी खाती सोडून नवी पदभरती नाही. मी तेव्हा एका अनुदानित महाविद्यालयात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, अर्थशास्त्र शिकवत होतो. कोरोनाच्या टाळेबंदीत जीएसटी, मुद्रांक शुल्क, इंधनावरचा कर सगळंच आटलं होतं. असेल तो पैसा आधी खाटांना आणि औषधांना जावा, याबद्दल माझ्या मनात दुमत नव्हतं. आजही नाही.

खटकलं ते वेगळंच. सरकारने मार्चचा पगार दोन टप्प्यांत द्यायचं ठरवलं, तेव्हा कायम प्राध्यापकांमध्ये बरीच कुरकुर झाली. पण त्यांचा पगार लांबला, बुडाला नाही. आमचा हिशेब तासाचा. तेव्हा तास झाला तर 500 रुपये. आठवड्याला नऊ तास धरले तर महिन्याचे 18,000, तेही मध्ये सुट्ट्या आल्या नाहीत आणि बिल मंजूर झालं तर. मार्चमध्ये वर्ग बंद झाले आणि तास संपले. ऑनलाइन घेतलेला तास बिलात धरायचा की नाही, यावर कागद वर-खाली फिरत राहिले. पुढच्या वर्षाच्या नेमणुका रखडल्या. मला कुणी कामावरून काढलं नाही. नेमणुकीचं पत्रच निघालं नाही. काढलेला माणूस निदान दाद मागू शकतो. न नेमलेल्याने कुणाच्या दारात उभं राहायचं?

त्याच मे महिन्याच्या अखेरीस आमचे विभागप्रमुख निवृत्त झाले. विभागात मंजूर पदं दोन, त्यातलं एक आधीपासून रिकामं. म्हणजे 1 जूनला आमच्या विभागात कायम शिक्षक एकही उरला नाही. कागदावर त्याचं नाव झालं बचत. वरच्या श्रेणीतला एक पगार वाचला, त्या जागी फार तर दोन सीएचबी.

तास तेवढेच होणार होते. पण सर तासापुरते मास्तर नव्हते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला की मुलं त्यांच्याकडे यायची. परीक्षेचा फॉर्म न भरलेल्या मुलीच्या घरी ते स्वतः फोन करायचे; वडील लग्नाचं बोलू लागले की ‘एवढं एक वर्ष होऊ द्या’ म्हणून गळ घालायचे. नेमणूक लांबली तरी मी मोबाइलवरून शिकवत राहिलो. पण त्या वर्षी वर्गातून कोण गळालं, याची नोंद ठेवणारं विभागात कुणी नव्हतं. वाचलेला पगार हिशेबात दिसतो, गळालेली मुलगी दिसत नाही.

गंमत म्हणजे त्या सत्रात माझ्याकडे केन्स शिकवायला होता. मंदीत लोकांचा खर्च आटतो तेव्हा सरकारने हात सैल सोडावा, हे मी रेंज येईल तसं समजावून सांगत होतो. 29 जुलैला केंद्राने नवं शैक्षणिक धोरण मंजूर केलं. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करण्याचं, कोठारी आयोगाने 1966 मध्ये सांगितलेलं उद्दिष्ट त्यात पुन्हा आलं. ‘सर, मग आता जागा निघतील?’ असं एमए करावं की नाही या विचारात असलेल्या एका मुलीने विचारलं. मी तिला धोरण आणि अंदाजपत्रक यांतला फरक सांगितला. तो अभ्यासक्रमात नव्हता.

नोव्हेंबर 2021 मध्ये राज्यात 2088 सहायक प्राध्यापकांच्या भरतीला मान्यता मिळाली. ग्रुपवर अभिनंदनाचे संदेश सुरू झाले. पण ही पदं नवी नव्हती. 2018 मध्ये मंजूर झालेल्या 3580 पैकी भरायची राहिलेलीच ती. तीन वर्षांपूर्वी मिळालेली परवानगी आम्ही नव्याने साजरी करत होतो. दरम्यान जे निवृत्त झाले, त्यांच्या जागा या आकड्यात कुठे होत्या?

उच्च शिक्षणाचं अनुदान मंदीत वाचवायचं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. मंदीत कपात होणारच. एखादं वर्ष ती सोसताही येते. पण पैसा परत आला म्हणून पद आपोआप परत येत नाही. त्यासाठी पुन्हा वर्कलोड, पुन्हा आरक्षणाची बिंदुनामावली, पुन्हा ना-हरकत, पुन्हा आंदोलन. पद गोठवायला एक आदेश पुरतो. ते सोडवायला आख्खी फाइल नव्याने चालवावी लागते.

पुढे प्राध्यापक संघटनेचं निवेदन तयार होत असताना मी एक मागणी सुचवली: भरतीबंदीच्या प्रत्येक आदेशावर तो संपण्याची तारीख असावी आणि त्या तारखेला पद आपोआप भरतीला खुलं व्हावं. ज्येष्ठांचं म्हणणं पडलं, ‘आधी मानधनवाढ मागू, ती लवकर पदरात पडते.’ त्यांचंही चूक नव्हतं. तासाचा दर वाढायलाच हवा होता. माझी मागणी यादीत शेवटून दुसरी गेली. मी ती पहिली ठेवली असती. मानधन वाढलं तर माझं घर नीट चालेल. विभाग चालायला मात्र तिथे दर जूनला नव्याने नेमावा न लागणारा माणूस हवा.