पळीभर तेलाचा हिशेब

खून झाला की पोलीस येतात, हे आपण इतकं गृहीत धरतो की आजच्यासारखे पोलीसच नव्हते तेव्हा तपास कोण करत असेल, हा प्रश्न सहसा पडत नाही. मला तो ब्रदर कॅडफेलमुळे पडला. एलिस पीटर्स या लेखिकेचा हा नायक बाराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये, श्रूजबरीच्या मठात राहतो. तरुणपणी धर्मयुद्धात लढून आलेला, आता वाफ्यांमध्ये औषधी झाडं लावणारा. मेलेल्या माणसाच्या वतीने चार प्रश्न विचारायचा अधिकार त्याला कुणी दिलेला नाही. लोकांना खोकला होतो, जखमा होतात, म्हणून त्याला दारं उघडतात, इतकंच. १९७७ ते १९९४ या काळात त्याच्या वीस कादंबऱ्या आल्या. त्यातल्या बऱ्याचशा मी पुणे-जळगाव रात्रीच्या बसमध्ये मोबाइलवर वाचल्या आहेत.

सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटल्यावर लोक म्हणतात, कोडी आवडत असणार तुला. कोड्यांचा मला दिवसभर पुरेसा कंटाळा आलेला असतो. खुनी कोण याचा अंदाज पुष्कळदा मध्यावरच येतो आणि तरी मी वाचत राहते. ओढ वेगळीच आहे, आणि ती मला धुळ्याच्या आजीमुळे कळली.

सुट्टीत तिच्याकडे गेले होते. काय वाचतेस म्हणून तिने विचारलं. मी सांगायला लागले, तर जुना काळ, मठ, झाडपाला हे सगळं बाजूला सारून ती म्हणाली, "कोन मरी गया?" मी सांगितलं. मग लगेच पुढचं: "तो कोना व्हता?" म्हणजे कुणाचा होता, कुठल्या घरचा. अहिराणीत कुणाच्याही मरणाची बातमी आली की हे दोन प्रश्न याच क्रमाने येतात. मला वाटतं, जुन्या काळातल्या रहस्यकथेचं सगळं यंत्र याच दोन प्रश्नांवर चालतं.

आमच्या घरी इतर बऱ्याच घरांसारखं 'स्वामी' आणि 'श्रीमान योगी' होतं. मी ती रडत वाचली आहेत, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण त्या वाटेने गेलं की इतिहासात मरायलाही पेशवा असावं लागतं. लढाईत पडलेली हजार माणसं एका वाक्यात आटपतात. रहस्यकथेला ही सोय नाही. तिच्यात मेलेला माणूस एखादा कारकून असेल, फिरता व्यापारी असेल. पण एकदा मेला की तो काय खात होता, कुणाचं देणं लागत होता, कुणाशी बोलायचा बंद झाला होता, हे सगळं विचारावंच लागतं. लेखकाला त्या काळाची खरी मेहनत इथे करावी लागते. दरबाराचं वर्णन बखरीवरून लिहिता येईल, पण देण्याघेण्याचं काय करणार?

सुजाता मॅसींच्या पर्वीन मिस्त्रीचं उदाहरण घ्या. १९२१ ची मुंबई, मलबार हिलवरचं एक घर, आत पडद्यात राहणाऱ्या तीन विधवा. पुरुष वकील आणि पोलीस जिथे थांबतात तिथून पर्वीनचं काम सुरू होतं, कारण ती वकील आहे आणि बाई आहे. तिच्यामागे कॉर्नेलिया सोराबजी उभ्या आहेत. १८६६ मध्ये नाशिकला जन्मलेल्या, ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या आणि पुढे पडदानशीन बायकांच्या मालमत्तेचं काम पाहणाऱ्या. हौशी शोधकाचा धंदा हीच त्याची किल्ली असते, आणि धंदा बदलला की त्या काळातलं वेगळं घर उघडतं.

मग आपल्याकडे कोण? खानदेशात पहिलं नाव डोळ्यांसमोर येतं ते राजवाड्यांचं. गावोगाव फिरून दप्तरं गोळा करणारा, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चे बावीस खंड काढणारा हा माणूस १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात गेला. संशोधन मंडळ आजही तिथेच आहे. पण कादंबरीचा नायक म्हणून राजवाडे चालणार नाहीत. इतका रागीट माणूस साक्षीदारासमोर बसला तर साक्षीदार पळून जाईल!

दुसरे आहेत डॉ. भाऊ दाजी. धंद्याने मुंबईतले डॉक्टर, म्हणजे कॅडफेलचेच व्यवसायबंधू. चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळातला शिलालेख त्यांनी १८६५ मध्ये विद्वानांसमोर मांडला आणि भास्कराचार्यांची वंशावळ उजेडात आली. नातू चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेव-हेमाडी या भावांनी त्याला दान दिलं, असं तो लेख सांगतो. तारखा जुळवायची मला खोड आहे: कॅडफेलच्या कथा ११३७ ते ११४५ मध्ये घडतात, भास्कराचार्य १११४ चे, 'सिद्धान्तशिरोमणि' ११५० चा. म्हणजे दोघे एकाच काळातले. एलिस पीटर्सचं खरं नाव ईडिथ पार्जेटर. तिने लंडन सोडून आपला श्रॉपशर परगणा लिहिला. तरुणपणी ती औषधांच्या दुकानात काम करायची, म्हणून ते झाडपाल्याचं ज्ञान.

पाटणच्या लेखात मला अडकवलं ते मात्र भास्कराचार्यांनी नाही. वंशावळ आणि राजांची स्तुती संस्कृत श्लोकांत आहे. शेवटी भाषा बदलते आणि मराठी ओळी येतात. पाटणच्या बाजारात जो माल विकायला येईल त्यावरचं मठाला काय, तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल, माप मठाचंच वापरायचं. बहुधा ज्यांनी द्यायचं त्यांना कळावं म्हणून ही भाषा. सगळ्या लेखात बाजारातली माणसं फक्त इथे दिसतात, तीही बिननावाची, देणेकरी म्हणून.

आणि रहस्यकथेला लागतं ते सगळं इथे आहे. एक बाजार, एक सक्तीचं माप, आणि ते माप ज्याच्या ताब्यात आहे असा कुणीतरी. मापाचा तळ बोटभर वर उचलला तर वर्षाला किती धान्य इकडचं तिकडे होईल, हे मठातल्या गणिताच्या विद्यार्थ्याला काढता येईल. पण माप खोटं आहे हे आधी कळेल ते तेलिणीला, कारण तिचा हात रोजचा आहे. विद्यार्थी संस्कृतात विचार करणार, ती त्या शेवटच्या ओळींच्या भाषेत. मठाचा मापारी एके सकाळी घाण्यामागे मेलेला सापडतो आणि तिच्या नवऱ्यावर संशय येतो, इथपर्यंत मी आले आहे.

पुढचं आजीला विचारलं. तिचं म्हणणं, तेलिणीला आधी सासू पाहिजे. बाजारातल्या बातम्या सुनेला कोण सांगणार? सध्या मी सासू लिहिते आहे.