पुणे सोडून नागसेनवनात

जालन्याहून सकाळी औरंगाबादकडे जाणाऱ्या गाडीत पासवाल्यांची एक वस्तीच असते. (शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले, पण आमच्या पिढीच्या जिभेवरून जुने नाव लवकर उतरत नाही.) चिकलठाण्याच्या कारखान्यांतले कामगार, दवाखान्याची फाईल घेऊन निघालेली म्हातारी माणसे आणि दप्तर छातीशी धरून दारापर्यंत उभी राहिलेली कॉलेजची पोरेपोरी. बदनापूर, करमाड, चिकलठाणा, मुकुंदवाडी. अंतर साठेक किलोमीटर. जागा मिळालेला उभ्या असलेल्याचे दप्तर मांडीवर घेतो, हा इथला अलिखित नियम.

गेल्या पावसाळ्यात मी माझ्या भाचीबरोबर या गाडीने गेलो. पोरीने पुण्याच्या एका खाजगी कॉलेजात बी.एस्सी.चे पहिले वर्ष केले होते आणि आता दुसऱ्या वर्षाला नागसेनवनात प्रवेश घ्यायचा होता. पहिले वर्ष ती चांगल्या मार्कांनी पास झाली होती, हे आधीच सांगून टाकतो. कारण आमच्या गल्लीत "पुण्याहून परत आली" म्हटले की लोक पुढचे वाक्य स्वतःच पुरे करतात.

तिचे वडील जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीवर काम करतात. त्यांचे कंबरडे मोडले ते फीने कमी आणि राहण्याने जास्त. चौघींत एक खोली, डबा, शहरातली बस, वर खोलीचे डिपॉझिट. शिवाय प्रवेश झाला होता मॅनेजमेंट कोट्यातून. दलालाने "सीट पक्की" म्हणून सांगितले, पण त्या कोट्यातून गेलेल्या मुलाला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही, हे काही सांगितले नाही. घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, जातीचा दाखला हातात, आणि तरीही सारी फी खिशातून! प्रवेश घेताना पावतीवर कोटा कोणता लिहिला आहे, एवढे तरी प्रत्येक आईबापाने वाचून घ्यावे. वाचता येत नसेल तर शेजारच्या पोराकडून वाचून घ्यावे.

औरंगाबाद स्टेशन शहराच्या दक्षिणेला आणि नागसेनवन उत्तरेच्या अंगाला. रिक्षा गजबजलेल्या रस्त्यांतून जाते आणि मग एकाएकी गर्दी मागे पडते. झाडे, मोकळी मैदाने, वसतिगृहे आणि पलीकडे डोंगर. त्या डोंगराच्या कुशीत बुद्धलेणी आहेत. या परिसरात १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने कॉलेज सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. नावाची गंमत अशी की मिलिंद हा ग्रीक राजा प्रश्न विचारणारा आणि भन्ते नागसेन उत्तर देणारे. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव कॉलेजला मिळाले, उत्तर देणाऱ्याचे वनाला. याच आवारात प्राचार्य म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' नाटक उभे केले, आणि इथेच शिकवताना गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' चालवले.

भाचीला मी हे सांगत होतो. ती म्हणाली, "मामा, ते ठीक आहे, पण इथली लॅब कशी आहे?" प्रश्न बरोबर होता. आम्ही आधी लॅब पाहिली, मग ऑफिस.

तरीही इतिहासातली एक गोष्ट मला तिला सांगावीशी वाटली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले तेव्हा तिथे सकाळचे वर्ग ठेवले गेले, म्हणजे नोकरी करणाऱ्याला वर्ग आटोपून कामावर जाता यावे. चार वर्षांनी मराठवाड्यात कॉलेज काढले तेही गरीब मुलांना लांब जावे लागू नये म्हणून. वेळ, अंतर आणि खर्च यांचा विचार कॉलेज बांधतानाच केलेला आहे. तेव्हा घराजवळच्या, परवडणाऱ्या कॉलेजात आलेल्या पोरीने मान खाली घालावी असे त्यात काय आहे?

आता कागदांचे सांगतो. विद्यापीठ बदलायचे म्हणजे टी.सी.वर भागत नाही. जुन्या विद्यापीठाचे मायग्रेशन सर्टिफिकेट लागते, पहिल्या वर्षाची गुणपत्रके लागतात, आणि जुन्या अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रत लागते. नव्या विद्यापीठात विषय जुळतात का, ते त्यावरून ठरते. आमचे बहुतेक विषय जुळले, एक पेपर जुळला नाही. तो तिला जादा द्यावा लागणार आहे. श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याचा नंबर जवळ होता म्हणून थोडे सोपे गेले. जागा शिल्लक असेल तरच प्रवेश, म्हणून निकाल लागताच धावपळ करावी. वर्षाच्या मध्ये बदलायला निघालात तर फार त्रास. पुण्याच्या कॉलेजने बाकी फीसाठी तिची मूळ कागदपत्रे अडकवून ठेवली होती. मूळ प्रमाणपत्रे अशी रोखून धरू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्येच कळवलेले आहे. त्या पत्राची प्रत जोडून अर्ज केला, तेव्हा आठ दिवसांत कागद हातात आले.

काम आटोपल्यावर आम्ही चालतच विद्यापीठाच्या गेटपर्यंत गेलो. विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८चा आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४चा. मधल्या साडेपंधरा वर्षांत मराठवाड्यात किती घरे जळाली आणि किती माणसे गेली, ते आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. भाची गेटखाली बराच वेळ उभी होती. फोटो काढायचा का म्हणून विचारले, तर म्हणाली, "नको, आता रोजच येणार आहे ना."

पुण्याची तिला आठवण येते. तिथली अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी असे आणि मैत्रिणी जिवाला जीव देणाऱ्या होत्या. ते इथे तसेच्या तसे मिळायचे नाही. पण आता सकाळी आईच्या हातची भाकरी डब्यात असते आणि शिष्यवृत्तीचा अर्ज या वर्षी नियमित प्रवेशावर भरला आहे. एकच अडचण अजून सुटलेली नाही. प्रॅक्टिकलच्या दिवशी उशीर होतो, संध्याकाळची गाडी चुकते आणि एस.टी.ला जादा पैसे पडतात. त्या दिवसांपुरते वसतिगृहातल्या मैत्रिणीकडे थांबायला मिळेल का, ते विचारायला मी पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहे.